चावीवाल्याचं बिल नेमकं कशावर ठरतं?

दार वाऱ्याने आपटतं, किल्ली आत राहते, गॅसवर दूध असतं आणि माणूस अनवाणी जिन्यात उभा. अशा वेळी कुणाच्या तरी फोनवरून चावीवाल्याला पहिला प्रश्न जातो तो एकच, ‘लॅच उघडायचे किती घ्याल?’ पलीकडून उत्तर येतं, ‘येऊन बघतो, मग सांगतो.’ ही उडवाउडवी आहे असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक वेळा ती तशी नसते. दार नुसतं ओढलं गेलंय की कुलूप लागलंय, कुलूप कोणत्या जातीचं आहे आणि ते शाबूत ठेवून उघडणार की मोडणार, हे कळल्याशिवाय खरा आकडा कुणालाच सांगता येत नाही. चांगली गोष्ट अशी की या तिन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरं तुमच्याकडेच असतात, आणि ती फोनवर दिली तर आकडाही फोनवरच मिळतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा: उघडण्याची मजुरी हा बिलाचा लहान भाग असतो. मोडलेल्या कुलपाच्या जागी नवं बसवायला लागतं तेव्हा बिल फुगतं. म्हणून ‘किती घ्याल’ याच्या आधी विचारायचा प्रश्न आहे, ‘उघडणार की तोडणार?’

ओढलं गेलेलं दार आणि लावलेलं कुलूप

नाइट लॅचची जीभ एका बाजूने तिरकी असते आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. दार नुसतं ओढलं गेलं असेल तर चौकटीवरच्या पट्टीत अडकलेली असते ती एवढी तिरकी जीभच. आपल्याकडे मुख्य दार आत उघडतं, त्यामुळे जिभेचा उतार बाहेरच्या बाजूला येतो. चावीवाला दार आणि चौकट यांच्या फटीतून पातळ, लवचीक पट्टी सरकवतो. अनेकांच्या पिशवीत यासाठी जुन्या एक्स-रेची फिल्म असते. चौकटीच्या खाचेमुळे ती सरळ जात नाही, वळवून घालावी लागते. मग एका हाताने दार पुढे-मागे हलवत दुसऱ्या हाताने पट्टी उतारावर दाबली की जीभ मागे सरते. हात बसलेल्या माणसाला पाच-दहा मिनिटं लागतात, काहीही मोडत नाही, आणि बिलात येतात ते त्याच्या येण्या-जाण्याचे आणि कसबाचे पैसे.

तेच दार बाहेरून किल्ली फिरवून बंद केलं असेल तर गोष्ट बदलते. किल्लीच्या एका-दोन फेऱ्यांनी जो दांडा पुढे येतो तो चौकोनी असतो, त्याला उतार नसतो, स्प्रिंगही नसते. तिथे पट्टी काहीच करू शकत नाही. आता कुलपाच्या पोटात शिरावं लागणार. म्हणून फोनवर पहिलं वाक्य हे हवं: ‘दार ओढलं गेलंय, किल्ली फिरवलेली नाही’ किंवा ‘किल्ली फिरवून बंद केलंय आणि किल्ली हरवलीय.’ या दोन वाक्यांतला फरक बऱ्याचदा दुप्पट पैशांचा असतो. काही नव्या लॅचना मोठ्या जिभेशेजारी एक बारीक खुंटी असते. दार बंद झालं की ती दाबली जाते आणि मुख्य जीभ जागीच अडकते. असा लॅच नुसता ओढला गेला तरी पट्टीला दाद देत नाही. दार उघडं असेल तेव्हा कधीतरी आपल्या लॅचला अशी खुंटी आहे का ते बघून ठेवा.

बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर तेही बंद आहे का, हे सांगायला लोक विसरतात. दोन दारं म्हणजे दोन कुलपं, आणि मजुरीही दोन कामांची.

तिसरा प्रकार कुलपाचा नसतोच. लहान मूल आतून कडी सरकवतं किंवा टॉवर बोल्ट लावून बसतं. टॉवर बोल्टला बाहेरून किल्लीचं भोक नसतं, त्यामुळे चावीवाल्याच्या हाती विशेष काही उरत नाही. खिडकी, बाल्कनी, शेजारच्या घरातून येणारी वाट, नाहीतर दाराची फळी कापणं, हेच मार्ग. हे काम सुताराचं जास्त. आत मूल किंवा आजारी माणूस अडकलं असेल, गॅस चालू असेल, तर चावीवाल्याची वाट बघत घासाघीस करायची ही वेळ नव्हे. सरळ १०१ वर अग्निशमन दलाला किंवा ११२ ला फोन करा.

बाथरूमच्या आणि बेडरूमच्या गोल मुठीच्या लॅचसाठी मात्र फोन करण्याआधी बाहेरची मूठ नीट बघा. तिच्या मध्यभागी बहुतेक वेळा एक बारीक भोक किंवा आडवी चीर असते. भोकात सुई किंवा सरळ केलेली पेपर क्लिप दाबली, किंवा चिरीत नाणं घालून फिरवलं की लॅच सुटतो. ही सोय कंपनीनेच याच प्रसंगासाठी दिलेली असते. एवढ्यासाठी कुणाला पाचशे रुपये देण्याचं कारण नाही.

कुलपाची जात

आपल्या घरांत मुख्यतः तीन जाती दिसतात. पहिली लिव्हरची. सपाट, जाड किल्ली आणि तिच्या टोकाला खाचा असलेलं पान. गोदरेजचं नवताल हे त्यातलं घरोघरी माहीत असलेलं नाव. ते ६, ७ आणि ८ लिव्हरमध्ये मिळतं. प्रत्येक लिव्हर म्हणजे एक पातळ पत्रा. सगळे पत्रे एकाच वेळी नेमक्या उंचीला आले तरच दांडा सरकतो, म्हणून लिव्हर जितके जास्त तितका उघडायला वेळ जास्त. दुसरी जात पिनांची. करवतीसारखी दातेरी किल्ली आणि सिलिंडरच्या, म्हणजे किल्ली ज्यात शिरते त्या नळकांड्याच्या आत पाच किंवा सहा पिनांच्या जोड्या. तिसरी डिंपलची, जिला बाजारात ‘कॉम्प्युटर की’ म्हणतात. किल्ली सपाट, दोन्ही अंगांना गोल खळगे. पिना एकापेक्षा जास्त ओळींत आणि वेगवेगळ्या कोनांत बसवलेल्या असतात, त्यामुळे साध्या हत्यारांनी ते कुलूप शाबूत उघडणारे कारागीर थोडे आहेत. डिंपलच्या मुख्य दारात गोष्ट बहुधा ड्रिलवर जाते. हे तिथे आल्यावर कळण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

लोंबत्या कुलपांबाबत माझं मत स्पष्ट आहे. तीनशे रुपयांचं कुलूप कसबाने उघडून घेण्यात अर्थ नाही, ते कापा. पण कापताना काय कापायचं याचा विचार करा. कुलूप भारी असेल, मजबूत आणि बरीच वर्षं साथ दिलेलं, तर त्याची कडी कापू नका, दारावरचा कोयंडा कापा. कोयंडा स्वस्त असतो आणि चार स्क्रूंनी नवा बसतो. कुलूप शाबूत हातात येतं आणि मग दुकानात नेऊन निवांत किल्ली करून घेता येते. दुकानातली किल्ली घरी बोलावून केलेल्या किल्लीपेक्षा नेहमी स्वस्त पडते, कारण त्यात येण्या-जाण्याचे पैसे नसतात. दारावर ग्राइंडर चालणार असेल तर ठिणग्या उडतात. पडदा, पायपुसणं, चपलांचं कपाट आधी बाजूला करा आणि लाकडावर ओलं फडकं धरायला लावा.

मूळ किल्ली हरवलेली असताना नवी किल्ली कशी होते, हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. चावीवाला त्या कुलपात बसणारी कोरी किल्ली घेतो आणि तिची धार बारीक कानशीने घासून चकचकीत करतो. ती कुलपात घालून पकडीने ताण देत फिरवायचा प्रयत्न करतो, वर-खाली किंचित हलवतो आणि बाहेर काढून उजेडात तिरकी धरतो. जिथे पिन अडली तिथे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका उमटलेला असतो. त्या ठिपक्यावर कानशीचे दोन हात, पुन्हा आत, पुन्हा ताण, पुन्हा उजेडात. ठिपका उमटायचा थांबला की ती पिन आपल्या उंचीला आली. लिव्हरच्या कुलपात याच कामासाठी कोऱ्या किल्लीवर मेणबत्तीची काजळी धरतात. पत्रा लागतो तिथली काजळी पुसली जाते. एखादं कुलूप वीस मिनिटांत होतं, एखादं तास खातं. कानस एक हात जास्त चालली की ती किल्ली वाया आणि पहिल्यापासून सुरुवात. लोकांना वाटतं, ‘एवढ्याशा पत्र्याचे इतके पैसे?’ पैसे त्या डोळ्याचे आणि हाताचे आहेत. कुलूप न मोडता किल्ली करून देणाऱ्या माणसाला शंभर-दोनशे जास्त द्या. नव्या लॅचचे हजारो रुपये त्याने वाचवलेले असतात.

ड्रिल लागलं की

ड्रिल म्हणजे सिलिंडर संपला. पण सिलिंडर संपला म्हणजे अख्खं कुलूप संपलं असं नाही, आणि इथेच सर्वांत जास्त पैसे विनाकारण जातात. हँडलचं मॉर्टिस कुलूप असेल तर दाराच्या जाडीत बसवलेली पेटी, बाहेरचं हँडल आणि मधला सिलिंडर हे तीन वेगळे भाग असतात. सिलिंडर तेवढा बदलता येतो. ‘पूर्ण सेटच टाकावा लागेल’ असं कुणी म्हणालं तर पेटीत नेमकं काय बिघडलंय ते दाखवायला सांगा. पूर्ण सेट आणि नुसता सिलिंडर यांच्या किमतीत सहज तिप्पट-चौपट फरक पडतो.

सिलिंडर बदलणं इतकं सोपं आहे की दार उघडं असेल तर घरीही जमतं. दाराच्या कडेला, जिथून जीभ बाहेर येते त्या पट्टीवर, सिलिंडरच्या उंचीला एक लांब स्क्रू असतो, एम-५ मापाचा. तो पूर्ण काढायचा. किल्ली घालून किंचित फिरवायची, म्हणजे सिलिंडरच्या मधलं आडवं पान अंगाच्या रेषेत येतं, आणि सिलिंडर सरळ बाहेर ओढायचा. माप घेताना एकूण लांबी पुरत नाही. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं मोजा: ३० अधिक ३० म्हणजे ६० मिलिमीटरचा, ३५ अधिक ३५ म्हणजे ७० चा. जाड दाराला किंवा एका बाजूला जाड हँडल असेल तर दोन्ही बाजू सारख्या नसतातही. नवा सिलिंडर बाहेरच्या हँडलच्या पट्टीच्या दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे येता कामा नये, नाहीतर तो पकडीत धरून मोडता येतो. स्क्रूच्या भोकापाशी त्याची जाडी सर्वांत कमी असते. बसवून झाल्यावर दार उघडं ठेवूनच दोन्ही बाजूंनी किल्ली चार वेळा फिरवून बघा. आधी दार लावून मग तपासलं आणि पान अडकलं तर पुन्हा चावीवाला बोलवायची वेळ येते.

याच कुलपांत आणखी एक घोळ हमखास होतो. आतल्या बाजूने किल्ली लावून ठेवायची सवय असते आणि घरातला माणूस बाहेर पडताना दार ओढून घेतो. साध्या सिलिंडरमध्ये आतून किल्ली असली की बाहेरची किल्ली पूर्ण आत जात नाही. हातात बरोबर किल्ली असून दार उघडत नाही. नवा सिलिंडर घेणारच असाल तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी किल्ली चालणारा मागा.

वेळ, अंतर आणि पावसाळा

रात्री अकरानंतर, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, मुसळधार पावसात दर वाढतो. दीडपट-दुप्पट हे अन्यायाचं नाही, माणूस झोपेतून उठून गाडी काढून येतो. मात्र वाढीव दर फोनवरच सांगितला गेला पाहिजे. पुण्या-मुंबईकडे ढोबळमानाने बघायचं तर दिवसा जवळच्या माणसाने येऊन ओढलं गेलेलं दार उघडण्याचे चारशे ते हजार, किल्ली फिरवलेलं कुलूप उघडण्याचे आठशे ते दोन हजार, आणि ड्रिल केलं तर त्यावर सिलिंडरची किंमत वेगळी. दुकानात बसून साधी दातेरी किल्ली पन्नास-शंभरात होते, डिंपलची दीडशे ते पाचशेत, कारण तिला वेगळं यंत्र लागतं. उपनगर, परिसर आणि कुलपाची कंपनी यांनुसार हे आकडे हलतात, पण मागितलेली रक्कम भलतीच आहे का हे ओळखायला पुरेसे आहेत.

इंटरनेटवर शोधून ‘१९९ पासून’ असा दर सांगणाऱ्या नंबरांपासून सावध राहा. असे बरेच नंबर दुकानाचे नसतात, दलालाचे असतात. येणारा माणूस वेगळाच, त्याला सांगितलेला दर माहीत नसतो, पट्टी किंवा कसब न वापरता तो पहिल्या मिनिटाला ड्रिल काढतो आणि मग चार हजारांचं बिल होतं. चौकातल्या टपरीवर दहा-पंधरा वर्षं बसणारा, सोसायटीच्या वॉचमनला ओळखीचा असलेला चावीवाला जवळजवळ नेहमीच स्वस्त आणि जबाबदार असतो. त्याचा नंबर आजच मोबाइलमध्ये ठेवा, आणि शेजाऱ्याच्या मोबाइलमध्येही, कारण ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तुमचा मोबाइल दाराच्या आत असण्याची शक्यता मोठी.

कोकणातल्या बंद घरांचं गणित वेगळं आहे. गणपतीला चाकरमानी पोहोचतात, वर्षभर खाऱ्या आणि दमट हवेत राहिलेलं कुलूप गंजून घट्ट झालेलं असतं, आणि चावीवाला तालुक्याच्या गावी. कामाचे दोनशे आणि प्रवासाचे सहाशे असं ते होतं. तिथे लोखंडी अंगाचं कुलूप लावूच नका, पितळी लावा, आणि निघताना त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा असा बांधा की पावसाचं पाणी किल्लीच्या भोकात जाणार नाही. गंजलेल्या कुलपात गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबलं, हातोडीच्या दांड्याने अंगावर हलकेच ठोकलं, तर पुष्कळ कुलपं स्वतःच्या किल्लीने सुटतात. घाईत किल्लीला जोर लावला की ती आत तुटते आणि साधं काम अवघड होतं.

पावसाळ्यात आणखी एक फसवं दुखणं येतं. लाकडी दार पाणी पिऊन फुगतं, दांडा चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात सरळ जात नाही, किल्ली जड फिरते. कुलपाला दोष देऊन लोक नवं कुलूप घालतात आणि तेही जड चालतं. ओळखायची खूण सोपी आहे: दार उघडं ठेवून किल्ली फिरवा. तेव्हा हलकी फिरत असेल तर कुलूप ठणठणीत आहे. पट्टीचं भोक कानशीने एक-दोन मिलिमीटर वाढवा, नाहीतर सुताराकडून दाराच्या कडेला रंधा मारून घ्या. बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली बसलं असेल तरी हेच होतं. तिथे फक्त स्क्रू आवळायचे.

तेल, तुटकी किल्ली, नकलेची नक्कल

कुलपात खोबरेल तेल घालू नका. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कुलूप अडतं त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. शिवाय तेलाला धूळ चिकटून पिनांच्या भोवती काळा लगदा होतो, स्प्रिंगा जड होतात. पिनांच्या कुलपाला कोरडं वंगण हवं. शिसपेन्सिल किल्लीच्या दोन्ही अंगांवर भरपूर घासा, किल्ली दहा वेळा आत-बाहेर करा, बाहेर आलेली काजळी पुसा. २ बी किंवा त्याहून मऊ पेन्सिल चांगली. सहा महिन्यांतून एकदा एवढं केलं तरी पुरतं.

किल्ली कुलपात तुटली तर पहिली सूचना अशी की फेव्हिक्विक लावून ओढायच्या भानगडीत पडू नका. डिंक पिनांवर जातो आणि पाच मिनिटांचं काम नवीन सिलिंडरवर जातं. दुसरी सूचना: हातात राहिलेला तुकडा फेकू नका. आतला तुकडा बारीक आकडीने बाहेर निघतो, दोन्ही तुकडे यंत्रावर जोडून धरले की त्यांवरून नवी किल्ली कापता येते. एक तुकडा हरवला तर ठिपके बघत किल्ली करावी लागते, म्हणजे वेळ आणि पैसे दोन्ही वाढले.

नकलेवरून नक्कल करू नका. पिनांच्या दोन उंचींमधला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. प्रत्येक कापणीत थोडी चूक येते आणि ती पुढच्या किल्लीत जमा होते. तिसऱ्या पिढीची किल्ली हलवून, अर्धी बाहेर ओढून, ‘विशिष्ट पद्धतीने’ फिरवावी लागते, आणि एक दिवस तुटते. कुलपाबरोबर आलेल्या मूळ किल्ल्यांतली एक कधीच वापरू नका, फक्त नकलेसाठी जपून ठेवा. बहुतेक किल्ल्यांवर किंवा पाकिटातल्या पत्र्यावर नंबर असतो. तो वहीत उतरवून ठेवा, किल्लीच्या जुडग्याला मात्र लावू नका.

कपाट, बँकेचं लॉकर, डिजिटल लॉक

लोखंडी कपाटाची किल्ली हरवली तर घाईने हँडल तोडू नका. कपाटाच्या दाराला आतून वर-खाली-बाजूला जाणारे दांडे असतात. हँडल तुटलं की ते जागीच अडकतात आणि मग पत्रा कापावा लागतो. साधारणपणे चावीवाला घरीच किल्ली करून देतो. आतल्या चोरकप्प्याची किल्ली वेगळी असते, ते वेगळं काम धरा. आणि किल्ली होईपर्यंत समोर उभे राहा. फिरत्या अनोळखी माणसाला दागिन्यांच्या कपाटापाशी बसवून पाणी आणायला आत जाऊ नका, ‘किल्ली गरम करून आणा’, ‘तेल आणा’ असं त्याने सांगितलं तरीही. या युक्तीने चोऱ्या झालेल्या आहेत.

बँकेच्या लॉकरची गोष्ट पूर्ण वेगळी. ते दोन किल्ल्यांनी उघडतं, एक बँकेची, एक तुमची, आणि तुमच्या किल्लीची दुसरी प्रत बँकेकडे नसते. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सूचनांप्रमाणे किल्ली हरवल्यास लगेच बँकेला कळवायचं असतं, लॉकर बँकेने किंवा तिच्या अधिकृत तंत्रज्ञानेच उघडायचं असतं, आणि उघडणं, कुलूप बदलणं, नवी किल्ली हा सगळा खर्च ग्राहकाकडून घेता येतो. त्यात बँकेचं सेवाशुल्क, तंत्रज्ञाचा प्रत्यक्ष खर्च आणि जीएसटी असे तुकडे असतात. बाहेरचा चावीवाला इथे चालत नाही, त्यामुळे घासाघिशीलाही जागा नाही. किल्ली जपणं हाच एक उपाय.

डिजिटल लॉक बंद पडलं की बहुतेक वेळा कारण बॅटरी असतं. आत पेन्सिल सेल असतात, सहसा चार. ते संपत आले की लॉक बरेच दिवस आवाज करून सांगतं, आपण तिकडे दुर्लक्ष करतो. बाहेरच्या भागाच्या खालच्या कडेला दोन बारीक धातूचे ठिपके असतात. किराणा दुकानात मिळणारी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी त्यांना टेकवून धरायची आणि तशीच धरून लॉकचा पिन नंबर टाकायचा. काही नव्या मॉडेलना त्या जागी चार्जरची खाच असते, तिथे पॉवर बँक लावायची. बऱ्याच लॉकना झाकणाखाली साध्या किल्लीचं भोकही असतं. ती किल्ली घरात ठेवून उपयोग नाही, नातेवाइकांकडे ठेवा. एवढं करूनही उघडलं नाही तर कंपनीच्या सेवा केंद्राला आधी फोन करा.

गाडी

दुचाकीत एक किल्ली उरली असेल तर नक्कल स्वस्तात होते. दोन्ही हरवल्या तर हँडल, टाकी आणि सीट यांचा पूर्ण लॉकसेट बदलण्याचा सल्ला मिळतो. त्याआधी विचारा की सीटचं कुलूप काढून त्यावरून किल्ली करता येईल का. पुष्कळदा येते.

चारचाकीत पैसे धातूचे नसतात, चिपचे असतात. किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये बॅटरी नसलेली बारीक चिप असते. गाडीतला इमोबिलायझर तिला ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ देत नाही. चालू किल्ली हातात असेल तर पुष्कळ गाड्यांत तिच्या चिपची नक्कल होते किंवा नवी चिप नोंदवता येते. सगळ्या किल्ल्या हरवल्या तर गाडीच्या संगणकाशीच जोडणी करून नव्याने नोंदणी करावी लागते, आणि काही गाड्यांना कंपनीकडचा कोड लागतो. तीन हजारांचं काम दहा हजारांवर आणि त्यापुढे जातं ते या कारणाने. म्हणून पहिली किल्ली हरवली त्याच आठवड्यात दुसरी करून घ्या. एका किल्लीवर वर्षभर गाडी चालवणं हा सर्वांत महाग आळस आहे.

बटणाने चालू होणाऱ्या गाडीची किल्ली मेली असं वाटलं तर आधी तिच्या पोटातली धातूची किल्ली बाहेर काढा, दार तिने उघडतं. मग किल्लीचा डबा स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. काही गाड्यांत त्याची जागा वेगळी असते, ती मालकाच्या पुस्तिकेत दिलेली असते. नंतर आतला सेल बदला, सहसा सीआर२०३२ असतो. किल्ली गाडीत राहून दार बंद झालं असेल तर आधी विम्याची कागदपत्रं बघा. रस्त्यावरच्या मदतीच्या सेवेत दार उघडून देणं पुष्कळदा धरलेलं असतं. किल्ली बदलण्याचं वेगळं कवच घेतलं असेल तर खर्च भरून मिळतो, पण त्यासाठी पोलिसांत नोंद आणि बिल लागतं. तोंडी व्यवहार केला की दावा गेला.

फोनवर काय सांगायचं, काय विचारायचं

शक्य असेल तर व्हॉट्सअॅपवर दोन फोटो पाठवा: कुलपाचा बाहेरून जवळून घेतलेला, आणि घरच्या कुणाकडे असलेल्या त्याच किल्लीचा किंवा जुन्या पाकिटाचा. दार ओढलंय की किल्ली फिरवलीय, बाहेरचं दार आहे का, कितवा मजला, लिफ्ट आहे का, एवढं सांगा. मग विचारा: येण्याचे किती, न मोडता उघडल्यास एकूण किती, ड्रिल करावं लागलं तर किती, आणि उघडलंच नाही तर किती. या चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘येण्याचे तेवढेच’ असं असलं पाहिजे. ठरलेला आकडा त्याच चॅटमध्ये लिहून घ्या. ड्रिल लावण्याआधी तुमची परवानगी घ्यायची, हेही तिथेच लिहा. बिलावर १८ टक्के जीएसटी लावला असेल तर त्यावर जीएसटी क्रमांक असला पाहिजे. नोंदणी नसलेल्या माणसाला तो कर घेता येत नाही.

चांगला चावीवाला तुम्हालाही प्रश्न विचारेल. घर तुमचंच कशावरून, आधार कुठे आहे, वॉचमन किंवा शेजारी ओळखतात का. ओळखपत्र आत असेल तर दार उघडल्यावर दाखवा असं तो म्हणेल आणि तोवर शेजाऱ्याला उभं करेल. याचा राग मानू नका. जो काहीच न विचारता उघडून देतो तो उद्या तुमचं दार दुसऱ्याला उघडून देईल. भाडेकरूचं घर मालक परस्पर उघडायला सांगत असेल, किंवा नवरा-बायकोच्या भांडणात एकजण दुसऱ्याचं कुलूप तोडायला बोलावत असेल, तर शहाणा कारागीर काम नाकारतो, आणि त्याने ते नाकारावंच.

काम झाल्यावर मोडलेला जुना सिलिंडर मागून घ्या, खरंच मोडणं भाग होतं का ते दुसऱ्या कारागिराला दाखवता येतं. नवं कुलूप असेल तर पाकीट तुमच्यासमोर फोडलं गेलं पाहिजे. त्यावर किल्ल्यांची संख्या छापलेली असते. तेवढ्या मोजून घ्या, आणि कुलूप चालतंय का ते बघायला त्याने वापरलेली किल्लीही त्यात आली पाहिजे.